पावागडाच्या माथ्यावरची फाइल

मांजलपूर, बडोदे
१२ जानेवारी

चि. रसिकास दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

अण्णांचा कॉम्प्युटर आवरून एक पुण्यकर्म पदरात पाडलं. पडद्यावर पावागडाचा फोटो आहे, पण फायलींच्या गर्दीत आपल्या वडिलांना डोंगर तरी कसा दिसत असेल, देव जाणे. वर्ग, उपवर्ग, प्रकरण अशी शास्त्रशुद्ध वाटणी केली. तीन रविवार गेले, मान आखडली. पडदा मात्र निरभ्र झाला. अण्णांनी कौतुकाचा शब्द काढला नाही. तिकडे फिरकतही नाहीत, बाल्कनीत बसून असतात. वयाचा थकवा असावा. तसा तो मलाही आहे, पण मला कोणी बाल्कनीत बसू देत नाही.

लोभ आहेच, वाढवण्याची तसदी घ्यावी.

लक्ष्मीकांत

पुणे
१६ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझ्या पुण्यकर्माचं फळ फोनवर ऐकलं. अण्णा हसत म्हणाले, लिहिणं-बिहिणं आता पती गयुं, संपलं. वाईट बातमी ते नेहमी गुजरातीतच देतात.

दादा, त्यांना फायलींची नावं वाचताच येत नाहीत रे. नजरेच्या मधोमध डाग आहे, कडेकडेनं अंदाज घेतात. दिवाळीत मी शेजारी बसून पाहिलंय. आई काय काय बोलायची ते विसरायच्या आत उतरवून ठेवतात, ती फाइल पावागडाच्या माथ्यावर. वीजबिलं पायथ्याशी, फोटो आकाशात. टायपिंगला बोटं पुरतात. तू इतका खपलास, म्हणून तुला सांगायचा त्यांना संकोच वाटला.

आईची फाइल कुठे घातलीस?

वहिनीला नमस्कार. तुझ्यावर माया आहे, सध्या जरा पातळ.

रसिका

बडोदे
२१ जानेवारी

चि. रसिकास आशीर्वाद.

आईला मी ‘संकीर्ण’मध्ये घातलं होतं. तिला कळतं, तर त्या दिवशी जेवायला मिळालं नसतं.

सगळं पुन्हा पडद्यावर पसरलं. तू सांगितलंस तेवढं तुझ्या शब्दावर. बाकीचं अण्णा सांगत गेले, मी ठेवत गेलो. आवरण्याहून पसरणं दमवतं, हे कोणत्याच शास्त्रानं सांगितलं नव्हतं. काल संध्याकाळी त्यांनी बाण माथ्यावर नेला, फाइल उघडली आणि टाइप केलं: लक्ष्मीकांतानं कपाट आवरलं, की चोरही रिकाम्या हातानं परत जाईल.

हे आई खरंच म्हणाली होती की अण्णांनी तिथेच रचलं, ते विचारणार होतो. विचारलं नाही. ते पुढचं वाक्य लिहीत होते.

लोभाची गरज आहे, हे वेगळं सांगणे न लगे.

लक्ष्मीकांत