दाभोळच्या बॅगेतल्या गोळ्या

७ ऑक्टोबर
नवा खुबा बसवून हॉस्पिटलातून कतारमध्ये अल खोरला, मुलाच्या घरी आले. अक्षर कधी शिकले नाही, म्हणून मोबाइलला सांगते, तो लिहितो. या घरात उलट उत्तर न देणारा तो एकटाच. निश्चय: डॉक्टरांचा शब्द मोडायचा नाही. बावीस नोव्हेंबरला दाभोळात माझ्या धाकट्या बहिणीच्या, जुलेखाच्या नातीचा निकाह. आदल्या दिवशी पहिली हळद मी लावणार. तिकीट तयार.

८ ऑक्टोबर
ऑपरेशननंतर पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून रोज एक गोळी, पस्तीस दिवस. नर्स विजयालक्ष्मीने हिंदीत तीनदा बजावलं, दुखो न दुखो, चुकवायची नाही. मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

११ ऑक्टोबर
तीन घेतल्या. काही दुखत नाही. मग चांगली गोळी वाया का घालवायची? जुलेखाचे गुडघे धरलेत, गल्फच्या गोळीने ती पळेल. गावी मी रिकाम्या हाताने कधी गेलेय? आजची गोळी दाभोळला न्यायच्या बॅगेत, टँग सरबताच्या डब्याशेजारी. उद्यापासून नियमित.

१२ ऑक्टोबर
आजचीही बॅगेत. नाश्त्याला उशीर झाला. दोष सुनेचा.

१६ ऑक्टोबर
सून रुकैया रोज विचारते, अम्मी, गोळी झाली? मी हो म्हणते. बॅगेत झालीच की. नात अलीजा म्हणाली, दादी, टेन मिनिट्स वॉक. म्हटलं, यल्ला, हो पुढे, तू चाल, मी बघते.

२१ ऑक्टोबर
जुलेखाला फोनवर सांगितलं, तुझ्यासाठी भारी औषध आणतेय. ती म्हणाली, आपा, औषध राहू दे, तू ये.

२५ ऑक्टोबर
डावी पोटरी भरलीय. तब्येत सुधारली. रुकैया म्हणते, सूज आहे. म्हटलं, तुझ्या सालनातलं मीठ आहे.

२६ ऑक्टोबर
पोटरी गरम, ठणकते. दोन गोळ्या एकदम घेतल्या. भरपाई झाली. खलास.

२७ ऑक्टोबर, दुपार
खलास कसलं! मुलगा शफीक ड्यूटी सोडून आला, हॉस्पिटलात नेलं. पोटरीला गार जेल चोपडून मशीन फिरवलं. गाठ. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या रोज घेतल्या ना? मी म्हटलं, इन्शाल्ला. शफीक म्हणाला, अम्मी, होऊन गेलेल्याला इन्शाल्ला म्हणत नाहीत. मग बॅगेचं सांगावं लागलं. डॉक्टर म्हणाले, ही गोळी दुखण्याची नाहीच, बहिणीला दिली असती तर तिला रक्तस्राव झाला असता. आणि माझी गाठ फुफ्फुसात गेली असती तर मीही गेले असते. आता तीन महिने औषध. सध्या मला विमान बंद.
शफीक खुर्चीत बसून नुसता माझ्या पायाकडे बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२१ नोव्हेंबर
हळद व्हिडिओ कॉलवर. जुलेखाने नातीचा गाल मोबाइलजवळ आणला, म्हणाली, लाव आपा. मी हळदीचं बोट काचेला लावलं. तेवढ्यात रुकैया गोळी घेऊन आली, अम्मी, तोंड उघडा. गिळली. जीभ वर करा. केली.
कॉल चालूच होता. अख्ख्या दाभोळने पाहिलं.