टवाळांसाठी जंत

बुधवार, १२ मार्च

चि. छोट्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं. प्रयोगशाळेत नेहमीचंच चाललंय: गुरांचं शेण, कुत्र्यांची शी आणि काचपट्टीवर जंतांची अंडी. तुझ्या भाषेत, ताईचा सुगंधी धंदा.

तुझी भाची काल हसली. जंतांचे व्हिडिओ टाकायचं बंद केल्यापासून पहिल्यांदाच. गप्पांत मी तिच्यासाठी एक नवा जंत तयार करत होते. ऑनलाइन घाण लिहिणाऱ्याच्या पोटात हा सोडायचा. एरवी गपगुमान पडून राहील. पण गड्याने खोट्या नावाने शिवी टाइप केली, की असा पीळ घालेल की मोबाइल टाकून संडास गाठावा लागेल! "आणि माफी मागितली तरच उतार," ती म्हणाली. "याचं नाव मामाला ठेवू दे. बोलव ना त्याला, आई."

ती जेवत नाही रे. केस स्वतःच कसेही कापून टाकलेत.

व्हिडिओंखालच्या बाकीच्यांच्या शिव्या तिने पचवल्या होत्या. मोडली ती खोट्या नावाने लिहिलेल्या एका वाक्याने: 'ही लहानपणी जंत ओकली होती, अजून तोंडाला वास येतो.' चार वर्षांची होती तेव्हा. तुझ्या मांडीवर ओकली. खोलीत आपण तिघंच होतो. तूच तिला धुतलंस, कुणाला सांगणार नाही म्हणून वचन दिलंस. मी तर तिच्या बाबांजवळही कधी बोलले नाही.

काल हसता हसता ती थांबली. "तू कुणाला सांगितलंस, आई?"

तुझ्यावर तिला संशयसुद्धा नाही. तुझं नाव माझ्या ओठांवर आलं होतं, पण मग तिच्याजवळ उरलं कोण असतं? म्हटलं, असेन बोलले कुणाजवळ. तिने आतून कडी लावली. मामा आला तरच उघडीन, म्हणते. मी दाराबाहेर बसून लिहितेय. मला फार भीती वाटते.

का केलंस, ते मला ऐकायचं नाही. तू ये. दार उघडेल तेव्हा आत जा आणि तुझ्या तोंडाने तिला सांग. माझ्याकडून कळलं तर तिचा माणसांवरचा विश्वासच उडेल. तू सांगितलंस तर निदान एकजण तरी खरं बोलला, एवढं उरेल.

जाताना मला हाक मारू नकोस.

तिची आई