सोबतीचं वेळापत्रक

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण आज माझ्याच्यानं खोटं लिहवत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी लॉन्ड्रीत शर्टांच्या कॉलरला नंबरच्या चिठ्ठ्या टाचत असताना माझा श्वास अडकला. मी इस्त्रीच्या कपड्यांमागे जमिनीवर बसून तासभर रडलो. (चिठ्ठ्या बरोबर लागल्या होत्या. मी तीनदा तपासल्या.) घरी येऊन खरं ते सांगितलं, की हल्ली सकाळी उठूच नये असं वाटतं. मग सगळे मला समुपदेशक बाईंकडे घेऊन गेले. सगळे म्हणजे सातजण. आत खुर्च्या कमी पडल्या म्हणून मी बाहेर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसलो. आत काय बोलणं झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. निघताना बाई दारात येऊन दोनच गोष्टी म्हणाल्या : याला एकटं सोडू नका आणि याचं ऐकून घ्या. आपल्या माणसांनी पहिली तेवढी उचलली.

बाबांनी वेळापत्रक करून माझ्या दाराला चिकटवलं. आठ ते दहा आई, मग मावशी, मी कामावरून आलो की काका, त्यानंतर स्वतः बाबा. न्हाणीघराची कडी काढली, तेही मी समजून घेतलं. पण आत्या, जो येतो तो पाच मिनिटं माझ्याकडे बघतो आणि स्वतःचंच सुरू करतो! मावशी तर म्हणाली, “आज तू जरा बरा दिसतोस, आता माझं ऐक.” काका वीस वर्षांपूर्वी हुकलेल्या बढतीवर तीन दिवस रडले. मी त्यांना पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. काल मी धीर करून मध्येच म्हटलं, “मला बरं वाटत नाहीये.” बाबा म्हणाले, “थांब जरा, काका बोलतायत ना.”

मला संताप आला आहे. या घरात माझ्यामुळे सगळ्यांना हलकं वाटू लागलंय. काकांना झोप लागते, मावशीचं डोकं दुखायचं थांबलंय. मी तेवढा आहे तिथेच आहे.

तुझा,
भाचा

ता.क. : वरचं कुणाला वाचून दाखवू नकोस. ती माणसं वाईट नाहीत, म्हणून तर जास्त राग येतो.

ता.क. दुसरा : बाईंनी गुरुवारी अकराला पुन्हा बोलावलंय, सोबत एकच माणूस. मी तुला न विचारता तुझं नाव दिलं आहे. घरी मी शुक्रवार सांगितलाय. तू फक्त बाहेर बस. एकटा गेलो तर दारापर्यंत जाऊन परत येईन, अशी भीती वाटते. येतेस का, तेवढं कळव. तुलाही काही सांगायचं असेल तर शनिवारी ऐकून घेईन, गुरुवारी नको.