करवत कुणाच्या हातची

मंगळवार, दिवेलागण

साखळीची करवत कुणासाठी घ्यायची, तेच हे विसरले! शेजारी कॉम्प्युटरवाल्यांच्या इमारतीसाठी झाडं पाडली, ते ओंडके आपण आणले. बंबासाठी कापणार मी. आणि दुकानात पेट्रोलची भलीमोठी करवत उचलून पाहिली यांनी. मी ती चालू करायची दोरी ओढली, तर सुरूच होईना. खांदा मात्र भरून आला. दुकानदार म्हणतो, "ताई, हा मिक्सर नव्हे." म्हटलं, "मिक्सर असता तर यांना आणलंच नसतं." तरी हे म्हणाले, "मोठीच बाजूला ठेवा, रविवारी नेतो." ती दोरी रोज ओढणार कोण? यांनी बंबात कधी काडी तरी घातलीय? विजेची हलकी करवत शेजारीच होती. सांगितलंय यांना, शनिवारपर्यंत बोला: हलकी आणताय, की आंघोळीचं पाणी तुम्ही तापवताय?