बाबांनी मागवलेल्या महागड्या बुलेट्स

शारजा,
१४ नोव्हेंबर १९९९

प्रिय दर्शना,

फराळाचा डबा मिळाला. चकल्या प्रवासात मोडल्या, पण चवीला काही झालं नाही. तुझ्या बाबांनी चुरा चहाबरोबर संपवला आणि अख्ख्या माझ्यासाठी ठेवल्या. फोनवर बोलताना हे शेजारच्याच खुर्चीत असतात, त्यामुळे मला मोकळेपणी काही बोलता येत नाही. आज ते नेमबाजीच्या क्लबवर कामाला गेले आहेत, तेवढ्यात लिहिते. सुदेशरावांनाही हे पत्र वाचून दाखव. जावईबापू बंदुकीच्या वाटेला कधी गेले नाहीत, म्हणून त्यांना कळेल असं फोडून लिहिणार आहे.

बातमी अशी की बाबांनी क्लबसाठी महागड्या बुलेट्स मागवल्या. हो, त्याच, छोट्या डब्यांतून येणाऱ्या, स्पर्धेच्या. फौज सोडून इथे आल्यापासून हा माणूस त्या डब्यांना 'आळशांचा खाऊ' म्हणत आला. आणि आता स्वतःच अरबाबकडे (सुदेशराव, इथे मालकाला अरबाब म्हणतात) गेले. अरबाब म्हणाला, 'नागेश, खलास, जो चाहिए मँगाओ.' त्याला वाटलं, म्हातारपणी नागेशची चव सुधारली. क्लबच्या मेंबरांनी पाठ थोपटली. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

सुदेशरावांसाठी सांगते. काडतूस म्हणजे पितळेची नळी, तिच्यात तोलून घातलेली दारू आणि तोंडाशी बसवलेली बुलेट. क्लबातल्या लांब पल्ल्याच्या रायफलींची काडतुसं बाबा स्वतःच्या हाताने भरतात. स्वस्त बुलेट्स घाऊक येतात, मोठ्या खोक्यात गोट्यांसारख्या ओतलेल्या. दिसायला सगळ्या सारख्या, पण एखादी किंचित जड असते, एखादी हलकी, आणि लांबच्या निशाणावर तेवढ्यानेच नेम बिघडतो. महागड्या बुलेट्स कारखान्यातूनच एकसारख्या येतात, डबी उघडली की कामाला लावायच्या. बाबांचं म्हणणं असायचं की खोकंच घ्या आणि एकेक तराजूवर ठेवून निवडा, त्यातूनच स्पर्धेला शोभतील अशा निघतात. उरलेल्या सरावाला. सरावालाही डबीतल्या वापरणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. या वादात त्यांनी किती गोऱ्या साहेबांना गप्प केलं असेल! त्यात त्यांचा सगळा तोरा होता आणि मला तो आवडायचा.

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मी जेवणाचा डबा घेऊन त्यांच्याबरोबर जायची, हे तुला ठाऊकच आहे. तू इथे होतीस तेव्हा तू बाहेर रेंजवर असायचीस आणि मी आत खोलीत. माझ्याच स्वयंपाकघरातल्या तीन स्टीलच्या वाट्या तिथे गेल्या त्या गेल्याच. हे बुलेट तराजूवर ठेवायचे, काटा बघायचे आणि म्हणायचे, जड, मधली, हलकी. मी त्या त्या वाटीत टाकायची. मी तांदूळ निवडावे तसे हे बुलेट्स निवडायचे. आमचं संसारातलं निम्मं बोलणं त्या खोलीत झालं असेल, आणि तुझ्या लग्नाचं तर सगळंच.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका शुक्रवारी हे म्हणाले, 'मधली'. माझं लक्ष सहज काट्याकडे गेलं, तो चांगला वर होता. मला वाटलं, चुकून बोलले. मी ती जडच्या वाटीत टाकली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग मी त्यांच्या तोंडाकडे न बघता काट्याकडेच बघायला लागले. हे एक म्हणायचे आणि मी काटा सांगेल तिथे टाकायची. पुढचे कितीतरी शुक्रवार आम्ही असेच निवडत होतो. हे सांगताहेत आणि मी ऐकतेय, असं दोघांनीही चालू दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तशी ती मूठ मीही धरून होते.

मग एकदा उठण्याआधी त्यांनी मधल्या वाटीत बोटं घातली. बुलेट्स बऱ्याच कमी होत्या. त्यांनी जितक्या वेळा 'मधली' म्हटलं होतं, तितक्या त्या नव्हत्या. बोटं तशीच फिरवत बसले. त्याच आठवड्यात ते अरबाबकडे जाऊन डब्यांची ऑर्डर देऊन आले. म्हणाले, 'आता तुला शुक्रवारी यायची गरज नाही, घरी आराम कर.'

दर्शना, माझ्याशी बोलताना ते आता माझ्या कानाकडे बघतात. ताटातला भात सोडून कडेची कोशिंबीर आधी उचलतात. समोरच्या फ्लॅटमधली शहनाझ डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. तिने मला जिन्यात थांबवलं आणि म्हणाली, 'आंटी, अंकल अकेले आए थे. मैं बिल्कुल सामने खड़ी थी, मुझे देखा ही नहीं.' मोतीबिंदू असता तर देवाला नारळ फोडला असता. पण ती म्हणाली, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसत राहील आणि समोरचं, मधोमधचं जाईल. त्यावर ऑपरेशन नाही, चष्मा नाही. जन्मभर निशाणाच्या मधल्या काळ्या ठिपक्यावर जगलेल्या माणसाचा नेमका तेवढाच भाग देवाने न्यावा, याचा मला फार राग येतो.

बुलेट्स एकसारख्या विकत मिळतात, पण दारू प्रत्येक काडतुसाला तोलूनच घालावी लागते, त्याच तराजूवर, त्याच काट्यावर. ती जास्त झाली तर रायफल नेम धरणाऱ्याच्या गालापाशी फुटू शकते. अरबाबची मुलगी त्या रायफलीला गाल लावते आणि यांना 'अंकल' म्हणते. परवाच्या शुक्रवारी, नको म्हटलं तरी मी गेले. यांनी दारू तोलली. काटा रेघेच्या वर थांबला होता. मान तिरकी करून त्यांनी बघितलं, पुन्हा बघितलं आणि ओतली. मग पुढची, त्याच्या पुढची. माझ्या हातात चहाचा थर्मास होता. त्या खोलीत पाण्याचा पेलासुद्धा न्यायचा नाही, हा त्यांचा फौजी नियम, तू लहानपणी त्यावरून रडलीही आहेस. मी बूच काढलं आणि सगळा चहा त्या दारू भरलेल्या नळ्यांच्या ट्रेवर ओतला. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. हे एवढंच म्हणाले, 'बरं झालं.' मग माझ्याच पदराने टेबल पुसत बसले. मी खूप रडले गं. त्यांनी रडू दिलं.

अरबाब रमझाननंतर व्हिसा वाढवणार आहे. 'इन्शाल्ला, दो साल और' म्हणतो. त्याला खरं सांगितलं तर तो मोठ्या मनाचा आहे, यांना खुर्चीत बसवून नुसता पगार देईल, आणि ते यांना डोळे जाण्यापेक्षा जड होईल. 'डोळ्यांसाठी घरी चला' असं मी म्हटलं तर हे या जन्मी येणार नाहीत. म्हणून हे पत्र. कोल्हापुरात तू शाळेतल्या मुलींना रायफल शिकवायला घेतलीस आणि त्या मुली चाप ओढताना दचकतात, असं तू मागे लिहिलं होतंस. बाबांना फोन कर आणि सांग, बाबा, मला एकटीला जमत नाही, तुम्ही या. हे खोटं नाही, दर्शना. तुझा श्वास कुठे अडकतो हे ते तुझ्याकडे पाठ करून सांगायचे, आठवतं ना? कान अजून तसेच आहेत. व्हिसाच्या कागदावर सही व्हायच्या आधी फोन कर. रागाव, हट्ट कर, लहानपणी करायचीस तसा. ते नाही म्हणतील, पुन्हा कर. मला एकटीला हा माणूस घरी आणता येत नाहीये.

तुझीच,
आई