कपाटाच्या दारांवरचं लॅकर

दि. ४ जुलै

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील. घरी सगळे ठीक आहेत. आप्पांचे कान गेलेत, पण हातातली पटाशी सुटत नाही. तुझी वहिनी म्हणते, सासऱ्यांना जेवायला हाका मारण्यापेक्षा लाकूड ठोकावं. तो आवाज मात्र त्यांना बरोबर ऐकू येतो.

लिहायचं कारण वेगळं आहे. मागच्या आठवड्यात आरशाच्या नक्षीदार चौकटीला लॅकर मारत होतो. हवेत ओल होती, दोन दिवस थांबायला हवं होतं. घाई केली, आणि दुसरा हात देताच सगळ्या पानाफुलांवर दूध सांडल्यासारखी पांढुरकी झाक आली. कारखान्यात मी एकटाच. चूक ढकलायला कोणी नव्हतं, म्हणून स्टुलावर बसून राहिलो. अकरा वर्षांपूर्वीची ती कपाटाची दारं डोळ्यांसमोर आली.

आप्पांनी दोन महिने खपून कोरलेली दारं. तू बजावलं होतंस, आज हवा ओली आहे, हात लावू नकोस. तू जेवायला गेलीस. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होतं. तू कालवून ठेवलेल्या लॅकरमध्ये मी झटपट सुकणारं थिनर ओतलं आणि जाड हात मारून मोकळा झालो. दारं पांढरीफटक पडली. आप्पांनी विचारलं, लॅकर कोणी कालवलं? कालवलं तूच होतंस. पुढचं मी बोललो नाही. तू माझ्याकडे बघितलंस, मी जमिनीकडे. त्यांनी तुला पुन्हा स्प्रे गनला शिवू नकोस म्हणून सांगितलं, आणि महिन्याभरात तू घर सोडलंस.

हे आप्पांना सांगू का? त्यांचं वय झालंय, डॉक्टरांनी मनस्ताप देऊ नका म्हटलंय. तू म्हणशील तसं करीन.

माझ्यावर माया ठेव असं लिहायचा हक्क उरला आहे का, माहीत नाही. तरी लिहितो.

तुझा,
दादा

दि. १२ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझी अकरा वर्षांतली सगळी पत्रं एकावर एक ठेवली तरी एवढी भरणार नाहीत.

आधी चौकटीचं सांगते. खरवडू नकोस. नीट वाळू दे, मग कोरड्या हवेत हळू सुकणारं थिनर लांबून, धुक्यासारखं फवार. झाक उतरेल. दारांचीही उतरली असती, दादा. मला ते त्या दिवशीच माहीत होतं. आप्पा रागाच्या भरात दारं खरवडत होते, पाकळ्यांच्या कडा बोथट होत होत्या, आणि मी पायरीवर बसून तो आवाज ऐकत होते. तोंड उघडलं असतं तर दारं वाचली असती. पण मीही त्यांचीच मुलगी. एवढं ओझं माझं, ते तू उचलू नकोस.

तू केलंस हे मला कळलं होतं. थिनरच्या डब्याचं झाकण उघडं टाकायची खोड घरात एकालाच आहे. तू बोलशील म्हणून मी थांबले. आधी संध्याकाळपर्यंत, मग रविवारपर्यंत, मग बस सुटेपर्यंत. तू माझी बॅग वर चढवून दिलीस आणि खिडकीजवळ बस म्हणालास.

इथे दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर लिहिते. काम बरं आहे, माणसंही बरी आहेत. फर्निचरच्या दुकानात शिरले की मात्र बोट आपोआप टेबलाच्या कडेवरून फिरतं आणि दुकानदार संशयाने बघतो.

आप्पांना सांगण्यासाठी माझी परवानगी मागू नकोस. तेव्हाही बोलायचं काम तू माझ्यावरच टाकलं होतंस.

वहिनींना नमस्कार. माया होतीच, तिचं काय करायचं तेच कळत नव्हतं.

तुझी,
खार

दि. २३ जुलै

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

चौकट काचेसारखी स्वच्छ झाली. बघवेना, म्हणून फडकं टाकून ठेवली.

आप्पांना सांगितलं. त्यांना हळू बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे कबुलीसुद्धा ओरडून द्यावी लागली. पहिल्यांदा म्हणाले, कोणाचं दार? दुसऱ्यांदा ओरडलो तेव्हा शेजारच्या शिंप्याचं मशीन थांबलं आणि तुझी वहिनी दारात येऊन उभी राहिली. तिलाही मी कधी बोललो नव्हतो. आप्पांनी एवढंच विचारलं, की हवा ओली आहे हे पोरीने सांगितलं होतं का. मी हो म्हटलं. त्यांनी पटाशी उचलली, पण लाकडाला लावली नाही. नुसती धरून बसले.

दोन दिवस माझ्यासोबत जेवायला बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी कागद मागितला. सोबत त्यांचं पत्र आहे, मी वाचलेलं नाही. सांगितल्यावर मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही.

आहे तसा सांभाळून घे.

तुझा,
दादा

दि. २३ जुलै

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

लिहायची सवय नाही, अक्षर लावून घे. फळी घेताना मी ती दोन्ही बाजूंनी उलटून बघतो, वाजवून बघतो. तुला मात्र एक प्रश्न धड विचारला नाही. लॅकर कालवलं कोणी एवढंच विचारलं. मारलं कोणी, ते नाही.

तुझ्यासारखा हात माझा नव्हता, दादाचाही नाही. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. तेव्हा वाटायचं, कौतुक केलं की पोरं बिघडतात.

एक लहान पेटी कोरली आहे. दादाला हात लावू देत नाही. आलीस तर लॅकर तू मार. नाही आलीस तर कोरीच राहील.

म्हाताऱ्यावर राग असला तरी असू दे, पण ये.

आप्पा

दि. २० ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. वहिनींनी दिलेल्या डब्यात माझ्यासकट शेजारच्या तिघी जेवल्या, असं त्यांना सांग.

निघताना बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. पेटीवर ओघळ आले. तू बघितलेस आणि गप्प राहिलास. या वेळी बरं केलंस. पहिला हात ठीक बसला. दुसऱ्याला, जिथे मनगट वळवायचं तिथे मी अडखळले आणि नक्षीच्या खाचांत लॅकर साचलं. हेच मी पूर्वी गप्पा मारता मारता करायचे. मला वाटत होतं, ती कला कुठेतरी नीट घडी घालून ठेवली आहे, हवी तेव्हा काढू. तसं नसतं रे. हात विसरतात.

दुसऱ्या दिवशी तू बाहेर गेला होतास तेव्हा आप्पा पेटी घेऊन उजेडात बसले. झाकणावरून बोट फिरवलं. ते ओघळापाशी अडलं, मी बघितलं. मग म्हणाले, छान झालंय. या माणसाने जन्मात कोणाच्या फसलेल्या कामाला छान म्हटलेलं नाही, स्वतःच्यासुद्धा. अकरा वर्षांपूर्वी त्यांची बोलणी खाऊन मला रडू आलं नव्हतं. या एका शब्दाला आलं. डोळ्यांत थिनर गेलं असं सांगून मी तोंड धुवायला उठले.

शेवटचा एक हात देते एवढंच म्हटलं, तर त्यांनी पेटी दिली नाही. उशाशी ठेवली आहे, चष्म्यासाठी.

पुढच्या महिन्यात दोन दिवस येते. गन तूच धर, मी पॉलिश पेपर मारत बसेन. तुमच्यावर जीव आहे, तसा तुमचाही राहू द्या.

आणि आप्पांसमोर ओघळांचा विषय काढू नकोस. त्यांना वाटतंय, मला ते दिसले नाहीत.

तुझी,
खार