पालथ्या परातीवरचे दाणे

बाबा, आज देवळी गावात एका बँडच्या ड्रमला ट्रिगर बसवून आले. तुम्ही त्या कडेला चिमटणाऱ्या डबीला विंचू म्हणायचात. कातड्यावर काडी पडली की विंचू मशीनला कळवतो आणि मशीन स्पीकरमधून आधीच भरून ठेवलेला आवाज सोडतं. वाजवणाऱ्यांची तक्रार नेहमीचीच होती, एक ठोका अंगावर येतो आणि दुसरा गायब होतो. मी आधी ड्रमभोवतीचे स्क्रू सारखे ताणून घेतले, एकेकाजवळ बोटानं टकटक करत. मशीनला हात शेवटी लावला.

ही सवय तुमची. आईच्या भाकरी झाल्या की स्वयंपाकघरात परात पालथी घालून तुम्ही तिच्यावर तुरीचे दाणे ठेवायचात आणि काड्या माझ्या हातात द्यायचात. डाव्या हातानं दाणे उजव्याइतकेच उडायला हवेत. पोरीला हे शिकवून काय करता, असं आई रोज विचारायची. एकदा चिडून मी असा ठोका मारला की परातीला पोचा पडला. तुम्ही एवढंच म्हणालात, "जोर नको दाखवू. दोन्ही हात सारखे कर." तो पोचा अजून आहे.

मग तुमच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. सहा महिन्यांनी तुम्ही हट्टानं पुन्हा ड्रम गळ्यात घातला. तुमच्या बँडच्या मालकांनी मला बाजूला घेतलं. "काकाचा डावा हात ऐकूच येत नाई. नाचणगावची वरात झाली का दुसरा पाहतो." बँडच्या गाडीवर मशीनपाशी मीच बसायचे. नाचणगावला मी एक सेटिंग बदललं. ठोका कितीही हलका पडला तरी आवाज पुरा निघेल असं केलं. भर दुपारच्या वरातीत तुमचे ठोके एकसारखे खणखणीत वाजले, मालक मान डोलवत राहिले. परतताना तुम्ही डावी मूठ उघडत, मिटत होतात.

"माहा हात वापस आला वो पोरी."

मी म्हटलं, "हो बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आईकडून परात मागून घेतलीत. मी अंगणात नळाखाली बादली लावत होते. उजव्या हाताचा ठोका ऐकू येतो, मागोमाग फरशीवर दाणे सांडतात. मग डावा. दाणे सांडत नाहीत. मी आत आले तेव्हा तुम्ही दाणे वेचून डब्यात टाकत होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "मालकाले सांगजो, मी नाई येत आता." काऊन, असं मी विचारलं नाही. रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं. पुढच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात, आणि तोवर काडी हातात घेतली नाहीत.

तुमचं मन राखायला केलं, असं मी आईला सांगते. ते अर्धंच खरं आहे. मालकांसमोर मला तुमच्या हाताची लाज वाटली होती. आता मी ट्रिगर लावते तेव्हा हलका ठोका हलकाच ऐकू येईल असं बघते. लोक कुरकुरतात, मी ऐकत नाही.

हा कागद परातीखाली ठेवून देईन, आई ती आता वापरायला काढत नाही. एक सांगायचं राहिलं. त्या सकाळी तुमचा डावा हात परातीवर चार वेळा पडला, तोवर मी ऐकत होते. पाचव्या वेळी मी नळ पुरता सोडला.